हिरव्या टिकल्यांचे कपाट

प्रिय ठकू,

काल फोनवर तू जे बोललीस, ते मी मध्ये न बोलता ऐकून घेतले. याचा अर्थ ते मला पटले, असा काढू नकोस. तू म्हणालीस, "बाबा, एकदा सॉरी म्हणून टाका आणि विषय संपवा." माफी ही टाकण्याची वस्तू नव्हे, मागण्याची आहे, आणि ती मागायची तर आधी चूक करावी लागते. तेवढी पूर्वतयारी माझ्या हातून झालेली नाही. व्यवस्थापकबाईंची अट तुला ठाऊक आहेच. पुढच्या आठवड्यातील शनिवारी दिवाणखान्यात सर्वांसमोर मी माफी मागायची, म्हणजे चित्रपटांच्या कपाटाची किल्ली आम्हांला परत मिळेल. न मागितल्यास आमचा शनिवार कायमचा बंद, आणि मला येथून घेऊन जावे, असे त्यांनी तुला सुचवलेलेही आहे. मी माफी मागणार नाही. का मागणार नाही, ते क्रमाने सांगतो, कारण तू एकच बाजू ऐकली आहेस आणि तीही फोनवर.

मी या वृद्धनिवासात आलो, तेव्हा तू म्हणाली होतीस की कपडे, औषधे आणि चष्मे एवढेच न्यावे. मी म्हटले, कपडे कमी चालतील, कपाट येईल. तू कपाळाला हात लावलास, जावईबापूंनी मात्र टेम्पो बोलावला. त्या कपाटात तुझ्या आईच्या आणि माझ्या अर्ध्या आयुष्यातील शनिवार आहेत. आपल्या घराजवळचे ते डीव्हीडीचे दुकान तुला आठवत असेल. बोळासारखे लांबट, आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण. खणांवर चिठ्ठ्या होत्या: युद्ध, प्रेम, रहस्य, भय, कोर्टकचेरी, आणि ‘विनोदि’. त्या शेवटच्या चिठ्ठीवरून दुकानदाराशी माझे वर्षानुवर्षे बिनसलेले होते. मी येताना दिसलो की तो तिच्यासमोर कॅलेंडर धरून उभा राही. मी सरळ कोर्टकचेरीच्या खणाकडे जायचो. जेथे माणसे वाक्य पूर्ण करून बोलतात, असा तो एकच खण होता. तुझी आई मात्र भाजी निवडावी तशी एकेक तबकडी उलटीसुलटी करून पाही, वास घ्यायचे तेवढे बाकी ठेवी, आणि हटकून भुताचा चित्रपट घेऊन येई. घरी तू उशीमागे लपायचीस, मी डोळे मिटून घ्यायचो, आणि ती बाईसाहेब पोट धरून हसायची. "बघा बघा, ही बया पुन्हा एकटीच अंधारात निघाली. दिवा लावायला काय हात मोडलेत?" तिला माणसांपेक्षा भुतांची दया अधिक येत असे. मला एकदा ती म्हणाली होती, "स्वतःला आवडतं तेच निवडणाऱ्या माणसानं जन्मभर एकच पिक्चर पाहिलेला असतो." मी तिचे पुष्कळ मुद्दे खोडले आहेत. हा खोडता आला नाही. दुकान बंद झाले, तेव्हा दुकानदाराने उरलेला माल आम्हांलाच दिला. ‘विनोदि’ ही चिठ्ठीही दिली, आठवण म्हणून.

येथे आल्यावर तिचाच नियम मी दिवाणखान्यात लागू केला. प्रत्येक शनिवारी एकाने निवडायचे. मागच्या वेळी ज्या खणातून घेतले, त्या खणाला या वेळी हात लावायचा नाही. इतरांनी शेवटची नावे वर सरकेपर्यंत बसायचे, आणि निवडणाऱ्याला जी काही नावे ठेवायची, ती दुसऱ्या दिवशी नाश्त्याला. तू समजतेस तसे म्हातारे भजनात रमत नाहीत, ठकू. येथील सुईणबाई युद्धाच्या खणावर पहिली झडप घालतात. त्यांचे म्हणणे, "जन्मभर माणसं आत येताना पाहिली, आता बाहेर कशी जातात ते बघू द्या." भूमितीबाई, ज्यांनी निम्म्या गावाला प्रमेये शिकवली, त्यांना दरोडे आवडतात. दरोडेखोर भुयार खणू लागले की त्या खुर्चीच्या हातावर बोटाने आकृती काढतात आणि मान हलवतात: "या कोनातून तिजोरी लागणार नाही, तुरुंग लागेल." आणि आमचे ड्रायव्हरसाहेब. हे आगगाडीचे इंजिन चालवून निवृत्त झालेले, देहाने दरवाजाएवढे, आवाजाने शिट्टीएवढे. यांना प्रेमकथा हव्यात. नायिका खिडकीत आली की यांचे डोळे भरून येत, आणि विचारले तर म्हणत, "धूर हो. इंजिनाचा धूर अजून निघायचाय." मला ते ‘पूर्णविराम’ म्हणत. कोणताही वाद मीच संपवतो, अशी त्यांची तक्रार होती. तबकडीचे यंत्र अडले की तेच त्याच्या डोक्यात एक चापट मारत, आणि यंत्र मुकाट्याने तोंड उघडी.

आता व्यवस्थापकबाईंविषयी. त्या वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवतो. त्या गाद्या उन्हात घालतात, औषधे वेळेवर देतात, आणि कोणी पडले तर स्वतः धावत येतात. त्यांचा दोष एवढाच की साठीपलीकडील प्रत्येक माणूस त्यांना काचेचा वाटतो. मला त्या ‘आजोबा’ म्हणतात. मी त्यांना सांगून पाहिले की मी माझ्या नातीचा आजोबा आहे, आपला नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "असं काय करता हो आजोबा?" एका शनिवारी भुताचा चित्रपट पाहताना एका गृहस्थांचा रक्तदाब वाढला. त्यांनी त्या दिवशी खारवलेल्या दाण्यांचे अख्खे पाकीट उशीखाली लपवून फस्त केले होते, पण आळ भुतावर आला. दुसऱ्या दिवशी बाई हिरव्या गोल टिकल्यांचा ताव घेऊन कपाटासमोर बसल्या. ज्या वेष्टनावर हिरवी टिकली, तेवढेच चित्रपट लावायचे. टिकली कशाला मिळाली म्हणशील, तर बागा, पक्षी, समुद्रकिनारे, आणि ज्यांत लहान मुले हरवलेले कुत्र्याचे पिल्लू शोधतात आणि पिल्लू सापडते, असे चित्रपट. पिल्लू न सापडणारा एक होता. त्याला टिकली मिळाली नाही. मग फलकावर सूचना लागली: ‘रहिवाश्यांच्या मनस्थितीस अनुकूल असेच चित्रपट दाखवले जातील.’ मी तांबड्या पेन्सिलीने ‘रहिवाशांच्या’ आणि ‘मनःस्थितीस’ असे दुरुस्त केले. मजकूर दुरुस्त करण्याच्या पलीकडचा होता.

बाई वेष्टन पाहतात, तबकडी पाहत नाहीत, हे पहिल्यांदा भूमितीबाईंच्या लक्षात आले. त्या शनिवारी पक्ष्यांच्या वेष्टनातून युद्ध निघाले. त्यापुढच्या शनिवारी समुद्रकिनाऱ्यातून खून. आम्ही सारे इतके शहाण्यासारखे बसत असू की बाई दारातून डोकावून समाधानाने परत जात. मग एका शनिवारी संस्थेचे विश्वस्त भेटीला आले. थोरल्या विश्वस्तांनी कपाट पाहिले आणि म्हणाले, "वा, गुलाबाची निगा! हेच लावा, मलाही बागेचा नाद आहे." आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुलाबाच्या वेष्टनात आदल्याच आठवड्यात भूमितीबाईंनी बँकेचा दरोडा घातला होता, आणि नाही म्हणायला कोणापाशी कारण नव्हते. पडद्यावर काळे बुरखे घातलेली माणसे भुयारात माती उपसू लागली. थोरले विश्वस्त पुढे झुकून म्हणाले, "माती मात्र चांगली भुसभुशीत आहे." त्यांची गाडी दारात आली, तिला त्यांनी थांबायला सांगितले आणि शेवटपर्यंत बसले. जाताना ते भूमितीबाईंना दबक्या आवाजात विचारत होते की तो तिसरा माणूस पहिल्यापासून फितूर होता का. व्यवस्थापकबाईंनी त्या वेळी एवढेच म्हटले, "आजोबा, पुन्हा असं नको." मीही मान हलवली. ती होकारार्थी होती, असे मी कोठेही म्हटलेले नाही.

येथवरचे तुला बाईंनी हसत सांगितले असेल. पुढचे त्यांनी कसे सांगितले, ते मला माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. गेल्या आठवड्यात एका सकाळी चहाला ड्रायव्हरसाहेबांची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या दारावरची पाटी काढलेली, पलंगावरची गादी गॅलरीत उन्हाला उभी केलेली. सफाईच्या बाईंनी आमच्याकडे पाहायचे टाळले, त्यातच सर्व आले. व्यवस्थापकबाई मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ड्रायव्हरकाका मुलाकडे गेलेत. अचानक ठरलं." सुईणबाईंनी कप खाली ठेवला. "मुलाकडे? अहो, त्यांनी लग्नच केलं नव्हतं." "मग पुतण्या असेल," बाई म्हणाल्या आणि साखर वाढू लागल्या. ठकू, मी आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मजकुरातून शब्द गळतो, ओळ गळते, क्वचित परिच्छेद गळतो. अख्खा माणूस गाळून पान छापायला पाठवलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हते. मागे जे जे कोणी ‘गावाला’ आणि ‘मुलीकडे’ गेले होते, त्यांचे चेहरे आम्हा सर्वांना एकदमच आठवले असावेत. कोणीही दुसरा चहा मागितला नाही.

तो शनिवार ड्रायव्हरसाहेबांच्या पाळीचा होता. त्यांनी निवडही केलेली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात ते मला म्हणाले होते, "पूर्णविराम, या वेळी प्रेम नको. नियमानं दुसऱ्या खणात जायचं, तर काहीतरी खरं काढू." आणि त्यांनी एका म्हाताऱ्या नावाड्याचा चित्रपट काढला. त्यात नावाडी अर्ध्यावरच मरतो. उरलेल्या अर्ध्यात नदीकाठची माणसे त्याच्याभोवती बसून त्याच्या खोडी सांगतात, बस. त्याला अर्थातच टिकली नव्हती. शनिवारी फलकावर पिल्लाचा चित्रपट लिहिलेला होता. मी दिवाणखान्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "ड्रायव्हरसाहेब वारले आहेत. आजचा चित्रपट त्यांनी निवडला आहे." या वेळी मी कोणतेही दुसरे वेष्टन वापरले नाही. बिनटिकलीचे वेष्टन सर्वांना दिसेल असे धरले. यंत्र अडले. मी चापट मारली, जमली नाही. भूमितीबाईंनी कोन बदलून मारली, तेव्हा उघडले.

चित्रपट संपला, नावे सरकून गेली, पडदा निळा झाला, तरी कोणी उठेना. मग सुईणबाई म्हणाल्या, "मेला माझी पत्त्यांतली राणी बाहीत घालायचा." त्यानंतर बांध फुटला. कोणी म्हणाले, न्हाणीघरात तासभर गात बसायचे आणि एकही सूर जागेवर नसायचा. कोणी म्हणाले, वर्तमानपत्रातले कोडे दुसऱ्याच्या आधी भरून ठेवायचे, तेही पेनने, तेही चुकीचे. ज्या गृहस्थांना दाण्यांमुळे भूत बाधले होते, ते हसता हसता रडू लागले, आणि सुईणबाईंनी त्यांची पाठ अशी थोपटली, जणू ते नुकतेच जन्माला आले होते. जेवणाची घंटा झाली. कोणीही गेले नाही. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने सर्वांचे रक्तदाब घेतले. एकाचाही वाढला नव्हता. माझा तर थोडा कमी भरला.

बाईंनी मला कचेरीत बोलावले. आधी रागावल्या, "तुम्ही सगळ्यांना दुःख दिलंत," म्हणाल्या. मी म्हणालो, दुःख आधीच होते, मी फक्त बसायला जागा दिली. मग त्या खुर्चीत बसल्या आणि एकदम निराळ्या आवाजात म्हणाल्या, "मला सांगायला जमत नाही हो. इतक्या जणांना मी कसं सांगू?" मी म्हणालो, "सांगून." उत्तर थोडे कोरडे झाले खरे, पण त्याहून बरे दुसरे मला आजही सुचलेले नाही. त्यांनी डोळे पुसले, कपाटाला कुलूप घातले आणि तुला फोन केला.

आता तुझ्याकडे येतो. तू त्यांना काय म्हणालीस, हे त्यांनीच मला विजयी मुद्रेने ऐकवले: "बाबांना हे असलं काही झेपत नाही. त्यांना अशा गोष्टी कळूच देत जाऊ नका." हे वाक्य माझ्या मुलीचे आहे, यावर माझा प्रथम विश्वास बसला नाही. तुझ्या आईच्या वेळी तू होतीस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले, तेव्हा ती आतून ओरडली होती, "आजार माझा आहे, बैठकही माझ्यासमोर घ्या." आम्ही दोघांनी एकत्र ऐकले. त्यानंतरचे महिने तू फक्त औषधांचे आणि रांगांचे म्हणून लक्षात ठेवले असशील. मी ते शनिवारांचे म्हणून ठेवले आहेत. तिने जन्मात हात न लावलेल्या युद्धाच्या खणापासून सुरुवात केली. तिला तोफांचा कंटाळा येई, मग ती सैनिकांची बटणे नीट शिवलेली आहेत का ते पाही. मी तिच्यासाठी भुते पाहिली, उघड्या डोळ्यांनी. मध्येच एखादे दिवशी ती रडायची, मीही रडायचो, आणि तबकडी तेवढ्यापुरती थांबवून पुन्हा सुरू करायचो. किती उरले आहे हे माहीत होते, म्हणूनच काय पाहायचे ते निवडता आले. ते महिने मला कोणी परत दिले, तर त्यांतला एक शब्दही मी बदलणार नाही. आणि तू म्हणतेस, मला झेपत नाही.

हे सारे तुला इतक्या विस्ताराने का लिहितो आहे, ते आता सांगतो. माफीच्या नकाराला एक ओळ पुरली असती. गेले काही आठवडे तुझा फोन लावला की जावईबापू उचलतात आणि तू कामात आहेस म्हणतात. तू बोलतेस तेव्हा माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस, चष्म्याची करतेस, आणि मी तुझे विचारले की "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून देतेस. परवा मी तुझ्या मुलीला फोन केला आणि सरळ विचारले. ती म्हणाली, "आजोबा, मला शपथ घातलीय. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही." तिला रागावू नकोस. ती तिच्या आजीवर गेली आहे. तुला गाठ आहे, येत्या बुधवारी शस्त्रक्रिया आहे, आणि ती झाल्यानंतर महिन्याभराने मला सांगायचे, तेही जमलेच तर, असे तुम्ही ठरवले आहे, हे मला कळले आहे. ते तुम्ही मला विचारून ठरवलेले नाही, म्हणून ते मला बंधनकारक नाही. व्यवस्थापकबाईंना मी सांगितले आहे की त्या शनिवारी मी माफी मागणार नाही आणि त्या शनिवारी मी येथे असणारही नाही. शनिवारचे काय करायचे, ते सुईणबाई पाहतील. कपाट उघडेपर्यंत सर्वांनी बंद पडद्यासमोर खुर्च्या मांडून बसायचे, असे त्यांनी जाहीर केले आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची व्यवस्थापकबाईंची छाती नाही. मी मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस. डॉक्टरांना म्हणावे, जे सांगायचे ते माझ्यासमोर सांगा, मला प्रत्येक शब्द ऐकू येतो. तुला भीती वाटत असेल तर वाटते म्हण. मलाही वाटते आहे, आणि ती वाटत असताना मी तुझ्या उशाशी बसू शकतो. बापाचा हा हक्क आहे, ठकू, आणि तो मी मागत नाही, बजावतो आहे.

मंगळवारी दारात उभा राहणारा, तुझाच,
बाबा